तीन सूत

क्लोव्हिसने हातोडी उचलली, खांबापर्यंत नेली आणि न ठोकताच परत कमरेच्या पट्ट्यात खोचली.

खांबावर खडूने लिहिलेला आकडा चुकलेला होता. सतरा फूट दहा इंच. अक्षर आल्सीडचंच, टपोरं आणि सरळ, वीस पावलांवरून वाचता येईल असं. क्लोव्हिसने दुसऱ्या हातातल्या कॉफीचा घोट घेतला आणि आकडा पुन्हा वाचला. तो तसाच होता.

तसा हिशेब काही अवघड नाही. नकाशावर पाइपच्या मध्यरेषेची उंची दिलेली असते, इथे ती अठरा फूट चार इंच होती. पण पाइप काही मध्यरेषेवर टेकत नाही, पोटावर टेकतो. म्हणून पाइप बाहेरून जेवढा रुंद असेल त्याच्या निम्मं मध्यरेषेतून वजा करायचं. जे उरेल ते खांबावर लिहायचं आणि त्या उंचीला टेकू लावायचा. गोम एवढीच की बारा इंची पाइप नावालाच बारा इंची. बाहेरून टेप लावली की तो पावणेतेरा भरतो. चौदा इंचांपासून पुढे नाव आणि माप एकच, पण बारा आणि त्याखालचे सगळे पाइप असे खोटं बोलतात. म्हणजे वजा करायचे ते सहा इंच नाहीत, सहा इंच तीन सूत, आठ सुतांचा एक इंच. खांबावर हवं होतं सतरा फूट नऊ इंच पाच सूत.

फिटरला हे कामावरच्या पहिल्याच आठवड्यात पाठ होतं. आल्सीडलाही होतंच, एकतीस वर्षं पाठ होतं. पण गेले पंधरा दिवस तो सोळा आणि अठरा इंची पाइपांवर होता. तिथे सरळ निम्मं केलं की झालं. हाताला सवय लागली आणि आज सकाळी तीच सवय घेऊन तो बारा इंचीकडे आला. असं चुकायला तीस वर्षं मुरलेला फिटरच लागतो. नवखा असता तर त्याने तक्त्यात बघितलं असतं.

आणि अशाच वेळेसाठी त्या दोघांची एक पद्धत होती. आल्सीड फिटर, क्लोव्हिस वेल्डर, लुइझियानाच्या त्या किनाऱ्यावर बावीस वर्षांची जोडी. आल्सीड सकाळी आकडा लिहून पुढे निघून जायचा. क्लोव्हिस मागून कॉफी पीत यायचा, आकडा मनातल्या मनात पडताळायचा आणि चुकला असेल तर हातोडीने खांबावर दोनदा ठोकायचा. बस. आल्सीड वळायचा, बाहीने पुसायचा, नवा आकडा लिहायचा. दोघंही त्यावर एक अक्षर बोलत नसत. बावीस वर्षांत ठोकायची वेळ फार तर आठ-नऊदा आली असेल, आणि या कानाची त्या कानाला खबर नव्हती.

आज त्याने ठोकलं नाही. कारण काल मंगळवार होता.

मंगळवारी सकाळी फोरमन रँडल सगळ्या टोळीला उभं करून कामांची यादी वाचत होता. शटडाउन म्हणजे अख्खी रिफायनरी पंचवीस दिवस बंद, आणि त्या पंचवीस दिवसांत जुनं उपसून नवं बसवायचं. त्यांच्या टोळीकडे एक नवी लाइन होती. सात खांबांवरून जाऊन ती शेवटी जुन्या पाइपला मिळणार होती. तो शेवटचा सांधा मानाचा. बाकीच्या सांध्यांत दहातल्या एकाचाच एक्स-रे काढतात, कारण पुढे लाइनमध्ये पाणी भरून दाब देऊन बघता येतं. शेवटचा सांधा जुन्या लाइनला जोडलेला, तिथे पाणी भरता येत नाही. म्हणून त्याचा पुरा एक्स-रे निघतो, चहूबाजूंनी, इंच न् इंच. ज्याच्या हातावर खात्री असते त्यालाच तो देतात. भरून झाला की वेल्डर शेजारी आपला ठसा ठोकतो आणि तो ठसा तिथे तीस-चाळीस वर्षं राहतो.

"शेवटचा सांधा," रँडलने वाचलं, "मारिसेला."

क्लोव्हिस हसला. त्याला वाटलं, रँडलची ओळ चुकली.

"तो माझा आहे, रँडल. आल्सीडच्या लाइनचा शेवटचा सांधा मीच भरतो. बावीस वर्षं भरतोय."

"मिस्टर आल्सीडनीच सांगितलंय, मिस्टर क्लोव्हिस. मला विचाराल तर मला काय, कुणीही भरा."

मारिसेलाने मान खाली घातली आणि बुटांकडे बघत राहिली. ती गेल्याच वर्षी टेक्सासहून आली होती, चौतीस-पस्तिशीची, कामाला चोख, बोलायला कमी. आल्सीड उपड्या बादलीवर बसून पेन्सिलीला टोक काढत होता.

"का रे?" क्लोव्हिसने विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, हीच चूक झाली.

आल्सीडने पेन्सिलीवर फुंकर मारली. "तिचा हात हलका आहे."

"आणि माझा?"

"तुझा हात झिंगे सोलायला एक नंबर. घरी जा लेका, बायको वाट बघत असेल. टोपलीभर पडलेत म्हणे."

तिशीतली चौदा-पंधरा माणसं खदाखदा हसली. परांची बांधणाऱ्यांपैकी एकाने हवेत झिंगा सोलून दाखवला. आल्सीड आयुष्यभर असाच बोलत आला होता. सासूच्या अंत्यविधीलाही त्याने पाद्र्याची थट्टा केली होती. एरवी क्लोव्हिसने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपला असता. या वेळी त्याने खिशातून वेल्डिंगच्या मुखवट्याची नवी काच काढली, कागद फाडला, जुनी काढून नवी बसवली. हल्ली तो रोज काच बदलायचा. कंपनी भिकार काचा बनवते, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याच्या जिव्हारी लागलं ते वेगळ्याच कारणाने. वर्षभर त्याने आल्सीडला सांभाळून घेतलं होतं, निदान त्याला तरी तसं वाटत होतं. आल्सीड दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आणून मधे नखाएवढी फट ठेवायचा आणि क्लोव्हिस ती भरायचा. या वर्षात पाच वेळा असं झालं की क्लोव्हिसने सांधा भरून दिला, आणि तासाभराने आल्सीड येऊन म्हणाला, "काप. फट माझीच चुकली. पुन्हा मांडतो, पुन्हा भर." पाच वेळा. क्लोव्हिसने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. बायकोला तेवढं बोलला, की आल्सीड थकलाय, त्याला आता फटसुद्धा नीट ठेवता येत नाही. आणि सांधा भरताना त्याचं ते मागे उभं राहणं. खांद्यावर हातमोजा ठेवायचा आणि म्हणायचा, "थोडं डावीकडे." "हं, थोडं उजवीकडे." आधी कधी असं करत नसे. म्हाताऱ्या माणसाला सगळीकडे हात घालायची हौस असते, असं म्हणून क्लोव्हिस तेही सोसत होता.

आणि त्या माणसाने चौदा जणांसमोर त्याला झिंगे सोलायला पाठवलं.

म्हणून बुधवारी सकाळी हातोडी पट्ट्यात परत गेली.

आल्सीड खांबापाशी परत आला तेव्हा क्लोव्हिस केबल सोडवत बसला होता. आल्सीडने आकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पाहिलास?"

"पाहिला."

"मग?"

"अक्षर सुंदर आहे."

आल्सीड हसला. त्याचा खालचा एक दात नव्हता, तिथून हसू सांडायचं. "काल रागावलास ना? रागव. राग आला की तू सरळ भरतोस."

"लेसर लाव, ऊन व्हायच्या आत आटपू."

आल्सीडने काहीतरी सांगायचं असावं तसा हातमोजा काढून पुन्हा चढवला. पण मग त्याने लेसर लावला आणि पहिल्या खांबावरचा आकडा पुढच्या सहा खांबांवर नेला. जुन्या पाइपचं तोंड अजून ताडपत्रीच्या तंबूत होतं, तिथे दुसऱ्या टोळीचं काम चाललं होतं. गुरुवारपर्यंत तिकडे कुणाला फिरकू देत नव्हते. नाहीतर आल्सीडने टेप लावून एकदा पडताळा घेतलाच असता.

दिवसभरात सात टेकू लागले. क्लोव्हिसने प्रत्येक टेकू अगदी मन लावून भरला, दुसऱ्या दिवशी कापायला त्रास व्हावा इतका भक्कम. दुपारी दोघं नेहमीसारखे ट्रकच्या सावलीत बसले. आल्सीडने डब्यातून भाताचं सॉसेज काढलं आणि अर्धं मोडून पुढे केलं. क्लोव्हिसने ते घेतलं. खाल्लंही. हे सांगायला नको वाटतं, पण त्याने ते खाल्लं आणि चांगलं झालंय असंही म्हणाला.

"मंगळवारचं मनात ठेवू नकोस," आल्सीड म्हणाला. "शटडाउन संपू दे. तुझ्याशी बोलायचंय एकदा. इथे नाही. होडीवर जाऊ, तिथे बोलू."

"आता बोल की."

"इथे भिंतींना कान आहेत, आणि त्या कानांना तोंडं."

क्लोव्हिसने हात पँटला पुसले आणि उठला. संध्याकाळी घरी जाताना गाडीत त्याने रेडिओ लावला नाही. मनातल्या मनात तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा बघत होता, पाइप खाली उतरतोय आणि आल्सीडचा चेहरा बदलतोय. त्याला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलायचं.

गुरुवारी सकाळी ताडपत्री निघाली. साडेनऊला क्रेनने पाइप उचलला, चाळीस फुटांचा तुकडा, आणि सात टेकूंवर हळूच उतरवला. सगळी टोळी मान वर करून बघत होती. जुन्या पाइपचं तोंड आणि नव्याचं तोंड समोरासमोर आलं. नवा पाइप वर होता. फार नाही, करंगळीच्या जाडीएवढा. पण पाइपांमध्ये करंगळी म्हणजे दरी.

आल्सीड शिडी चढून गेला. त्याने दोन्ही तोंडांवरून अंगठा फिरवला, पायरी लागली तिथे थांबला. टेप काढलीच नाही. पुटपुटला तेवढा, पण खाली उभ्या असलेल्या मारिसेलाला ऐकू आलं.

"पावणेतेरा," तो म्हणाला. "पावणेतेरा, गाढवा."

रँडल वर गेला, टेप लावली, खाली आला. त्याचं तोंड लाल झालं होतं. सात टेकू कापायचे, सात परत लावायचे, क्रेन तोवर अडकलेली, आणि प्लँटचा मॅनेजर अकरा वाजता फेरीला येणार.

"तीन सूत," रँडल म्हणाला. "मिस्टर आल्सीड, तीन सूत. बारा इंचीचे सहा वजा केले तुम्ही. माझ्या पोरीला कळतं हे."

"चुकलं," आल्सीड म्हणाला.

"सात खांबांवर चुकलं. दिवसभर. कुणी पडताळलं नाही? कुणाच्या नजरेला पडलं नाही?"

तेव्हा आल्सीडने क्लोव्हिसकडे पाहिलं. रागाने नाही. हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते आठवताना माणूस बघतो, तसं. क्लोव्हिसच्या कमरेला हातोडी लटकत होती. आल्सीडची नजर तिथे गेली आणि थांबली. मग त्याला कळलं. कळल्याचं क्लोव्हिसलाही कळलं.

"तुम्ही होतात ना बरोबर, मिस्टर क्लोव्हिस?" रँडलने विचारलं.

"मी वेल्डर," क्लोव्हिस म्हणाला. "आकडे फिटरचे. मी काय, सांगतील तिथे भरतो."

कुणीतरी खोकलं. आल्सीडने मान खाली घातली आणि दोनदा हलवली, हो, बरोबर आहे, अशी. त्याने एक शब्द काढला असता तर क्लोव्हिसही गेटबाहेर होता. त्याने तो काढला नाही.

"बिल्ला द्या," रँडल म्हणाला.

आता या किनाऱ्यावरच्या टोळ्यांत एक जुनी रीत आहे. माप चुकलं की चुकेल त्याच्या पाठीवर खडूने रेघा ओढायच्या, एका सुताला एक रेघ, आणि त्या ओढायच्या त्याच्या जोडीदाराने. शिफ्ट संपेपर्यंत पुसायच्या नाहीत. एरवी हसण्याचा खेळ असतो. नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या पाठीवर कुणी ओढत नाही, तेवढी लाज असते. पण त्या दिवशी परांचीवाल्यांपैकी एकाने खडू पुढे केला. तो केला क्लोव्हिसपुढे, आणि मंगळवारचा तो झिंगा अजून सगळ्यांच्या लक्षात होता.

"राहू दे," मारिसेला म्हणाली. "जाऊ द्या त्यांना."

क्लोव्हिसने खडू घेतला.

आल्सीड स्वतःहूनच वळला. निळ्या शर्टाची पाठ घामाने चिकटलेली होती, त्यावर खडू उमटायला जोर द्यावा लागला. पहिली रेघ. दुसरी. तिसरी ओढताना खडू दुसरीवरच गेला, दोन्ही रेघा एकमेकींत मिसळल्या.

"थोडं डावीकडे," आल्सीड पाठमोरा म्हणाला.

लोक असे हसले की क्रेनवाल्याने वरून डोकावून पाहिलं. आल्सीड हसला नाही. क्लोव्हिसने रेघ पुन्हा ओढली, थोडं डावीकडे. तीन रेघा झाल्या.

गेटकडे निघताना आल्सीड रँडलपाशी थांबला.

"सांधा मारिसेलालाच दे."

"मिस्टर आल्सीड, निघा आता."

"माझं काहीही ऐकू नकोस. पण एवढं ऐक."

रँडलने त्याच्या हातातला बिल्ला खिशात टाकला आणि दुसरीकडे बघितलं. आल्सीड चालत गेला. गेट बरंच लांब आहे, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना टाक्या. त्या तीन रेघा शेवटपर्यंत दिसत होत्या. लांबचं क्लोव्हिसला चांगलंच दिसायचं.

दुपारी त्याने रँडलला गाठलं.

"ज्याला बारा आणि पावणेतेरा कळत नाही, त्याच्या सांगण्यावरून तू माझा सांधा काढून घेणार?"

रँडल वैतागलेला होता, सकाळपासून तो टेकू कापून घेत होता. "भरा तुम्हीच. मारिसेला, तुझी काही हरकत?"

मारिसेलाने क्लोव्हिसकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "हरकत नाही," ती म्हणाली. "मिस्टर क्लोव्हिस, तुम्हाला मुखवट्यात लावायचं भिंग हवं असलं तर माझ्याकडे जास्तीचं आहे."

"भिंग म्हाताऱ्यांना लागतं."

"बरं," ती म्हणाली.

शुक्रवारी टेकू नीट उंचीला लागले, पाइप बसला, दोन तोंडं अशी जुळली की फट सगळीकडून सारखी दिसत होती. नवा फिटर मांडून बाजूला झाला आणि फोनवर बोलत उभा राहिला. क्लोव्हिस पाटावर गुडघे टेकून बसला. त्याने नवी काच बसवली, मुखवटा खाली घेतला आणि ठिणगी पाडली.

हिरव्या अंधारात वितळलेल्या लोखंडाचा थेंब दिसतो, आणि त्या थेंबाच्या पुढच्या टोकाला एक बारीक भोक. ते भोक बघत बघत पुढे सरकायचं, एवढंच वेल्डिंग. क्लोव्हिसला थेंब दिसत होता. त्याच्या कडा मात्र कापसासारख्या होत्या. हे वर्षभर असंच होतं, काचा भिकार. तो अंदाजाने पुढे गेला. बेचाळीस वर्षं भरत आलेला हात होता, हाताला आपली वाट ठाऊक होती. दोनदा त्याला वाटलं की आता कुणीतरी खांद्यावर हात ठेवेल, आणि दोनदा तो थबकला. कुणी ठेवला नाही. कटकट गेली, त्याने मनाशी म्हटलं.

साडेचारला सांधा पुरा झाला. बाहेरून बघणाऱ्याने बोट तोंडात घालावं असा, एकावर एक बसवलेल्या नाण्यांसारखा. रँडलने पाठ थोपटली. क्लोव्हिसने आपला ठसा शेजारी ठोकला, हातोडीचे दोन घाव. घुमलेला आवाज ऐकून त्याने सवयीने मागे पाहिलं, आणि मग उगाचच कपाळ पुसलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढून एक्स-रे निघाला. एक वाजता व्हर्नीसने त्याला बोलावून घेतलं. एक्स-रे वाचणारी व्हर्नीस म्हणजे किनाऱ्यावरच्या वेल्डरांचा न्यायाधीशच, पन्नाशीची काळी बाई, गळ्यात साखळीला चष्मा, गाडीतच तिची अंधारी खोली. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर रँडल उभा होता, त्याच्यामागे परांचीवाले.

"बैस, क्लोव्हिस," व्हर्नीस म्हणाली.

"उभा बरा आहे."

"मी तुला ओळखते त्याला किती वर्षं झाली?"

"झाली असतील पंधरा."

"पंधरा वर्षांत तुझे दोन सांधे परत पाठवले मी. दोन. गेल्या वर्षभरात तर एकही नाही. मला नवलच वाटायचं."

"नवल कशाचं?"

व्हर्नीसने चष्मा नाकावर चढवला. "आल्सीड माझ्याआधी येऊन जायचा. आरसा आणि टॉर्च घेऊन, पालथा पडून आतून बघायचा. मग मला सांगायचा, हा सांधा धरू नकोस व्हर्नीस, आमची फट चुकलीय, कापतोय. पाच वेळा आला असेल."

"त्याची फट चुकायची," क्लोव्हिस म्हणाला.

"तसं म्हणायचा खरा. मी एकदा त्याच्या नकळत मोजली होती. केसाचा फरक नव्हता."

बाहेर कुणीतरी काहीतरी बोललं आणि हसणं ऐकू आलं. क्लोव्हिसने कमरेची हातोडी चाचपली, मग हात खिशात घातले.

"शेवटच्या सांध्याचा पुरा एक्स-रे निघतो," व्हर्नीस म्हणाली. "तिथे कुणाला काही झाकता येत नाही. म्हणून त्याने तो तुला दिला नसावा. मी विचारलं नाही, तोही बोलला नाही. तुला बोलला का?"

"होडीवर बोलणार होता."

व्हर्नीसने मान हलवली. तिने दिव्याची पेटी लावली आणि त्यावर फिल्म ठेवली. पेटी उजळली. मधे सांध्याचा पट्टा, करडा. क्लोव्हिस वाकला. मग सवयीने मागे सरकला, हातभर.

"सोळा इंच धातू धरलाच नाही," ती म्हणाली. "आतून काळी रेघ आहे, सलग. पोरंसोरं लांबून ओळखतील. दिसते ना?"

"दिसते."

"कुठे?"

क्लोव्हिसने फिल्मवर बोट ठेवलं. दारातून आत आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात रँडलची सावली उभी होती आणि तिच्या हातात खडू होता.

व्हर्नीसने त्याचं बोट हलकेच धरलं, लहान मुलाचं धरतात तसं, आणि चार बोटं सरकवलं.

"थोडं डावीकडे," ती म्हणाली.